पडदा बोलतो, बरं का!

४१ आणि २३! बायकोच्या शिलाई मशीनवरची टेप घेऊन मी जुन्या मॉनिटरची काच मोजली, आडवी ४१ सेंटिमीटर, उभी २३, आणि रात्री पावणेदोन वाजता एकटाच ओरडलो. कारण दहाच मिनिटांपूर्वी हे दोन आकडे त्या मॉनिटरने स्वतः मला सांगितले होते. वायरीतून! मी ज्याला बारा वर्षं मुका डबा समजत होतो तो कॉम्प्युटरशी रोज बोलत होता, आणि मी मध्ये बसून दोघांनाही शिव्या देत होतो.

थांबा, आधी धंदा सांगतो, नाहीतर हा माणूस मध्यरात्री टेप घेऊन का बसला ते कळणार नाही. मी मूलचा, चंद्रपूर जिल्ह्यातला. लग्नसराईत फोटो आणि शूटिंग, आणि भाऊबीज उलटली की होळीपर्यंत नाटकं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात, हिवाळा म्हणजे मंडई, आमची गावची जत्रा, आणि नाटक. धान निघालं की गावोगाव मंडळं उभी राहतात, त्यांची माणसं वडशाला जातात, तिथे नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, कंपनी ठरते, तारीख ठरते, विसार दिला जातो. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक. मध्ये बरीच वर्षं पटावर बंदी होती, २०२३च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने शर्यतीचा कायदा कायम ठेवला. नाटक मात्र बैल धावोत न धावोत, सुरूच. रात्री दहाच्या पुढे घंटा होते आणि पडदा पडतो तेव्हा कोंबडा आरवत असतो. लोक तणसावर गोधड्या टाकून बसतात. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या रानात वाघ इतके, की नाटक आवडलं नाही म्हणून मध्येच उठून घरी जायची सोय नाही. हे सगळं ज्यांना परकं वाटतं त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की याच रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

तर, देखावे. रंगवलेले कापडी पडदे अजून आहेतच, पण दोन वर्षांपूर्वी मी एक पांढरं कापड आणि जुना प्रोजेक्टर घेऊन या खेळात उतरलो. प्रोजेक्टर स्टेजच्या मागे, कापडावर मागून चित्र पडतं, पुढून लोकांना वाडा दिसतो, जंगल दिसतं, पोलीस ठाणं दिसतं. प्रवेश बदलला की एक बटण दाबायचं. सोपं!

सोपं कसलं? कॉम्प्युटर मागे प्रोजेक्टरजवळ आणि नाटक पुढे. मागून मला दिसायचं काय, तर कापडावरची उलटी अक्षरं आणि नटांच्या सावल्या. म्हणून भाच्याला मागे बसवलं, मी पुढे साउंडवाल्या काकांच्या टेबलावर, स्टेजपासून चाळीसेक मीटरवर, आणि दोघांच्या कानाला मोबाइल. आता गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जंगल. तिथे दिवसा फोन लागला तरी पेढे वाटावेत, आणि मी रात्री दोनला त्याच्या भरवशावर देखावे बदलायला निघालो! एका प्रयोगात सावकाराने पोरीला घराबाहेर काढलं, पोर रानोमाळ भटकतेय, ऑर्गन नुसता रडतोय, बाया डोळ्यांना पदर लावताहेत, आणि पोरीच्या मागे पोलीस ठाणं. मी फोनवर "जंगल, जंगल" म्हणून बोंबलतोय. पहिल्या ओळीतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "बरं झालं बाई, ठान्यात तरी पोचली." त्या रात्री ऑर्गनवाले बुवा माझ्याशी बोलले नाहीत.

माझा एक दोस्त चंद्रपूरकडे एका मोठ्या प्रकल्पाच्या कंट्रोल रूममध्ये आहे. त्याला हे सांगितलं तर तो आधी पोटभर हसला, मग म्हणाला, "जिथे कॉम्प्युटर तिथेच मानूस बसला पायजे, हे तुले कोनं सांगतलं बे?" उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांवर जातो, वर कोळशाची धूळ. अशा ठिकाणी कॉम्प्युटर वेगळ्या थंड खोलीत कुलपात ठेवतात, आणि माणसापुढे असतो फक्त पडदा, कीबोर्ड आणि माउस. मधलं अंतर एका वायरीने जोडलेलं. त्याला एक्स्टेंडर म्हणतात. दोन डब्या. एक कॉम्प्युटरजवळ, सेंडर. एक माणसाजवळ, रिसीव्हर. मध्ये साधी लॅनची वायर, आपण सीसीटीव्हीला ओढतो तीच.

मी त्याच आठवड्यात नागपूरला, सीताबर्डीवर. साडेचार हजार मोजले आणि दोन काळ्या डब्या घेऊन आलो, तंबाखूच्या डबीपेक्षा थोड्या मोठ्या. घरी मीटरभर वायरीने जोडल्या. कॉम्प्युटर मागच्या खोलीत, मॉनिटर ओसरीवर. माउस हलवला आणि बाण हलला! आहाहा! शेजारची पोरं गोळा झाली. मी कॉम्प्युटरची खोली बाहेरून बंद करून, ओसरीवर बसून त्यांना जंगल, वाडा, ठाणं फिरवून दाखवलं. एका पोराने जाऊन दाराच्या फटीतून पाहिलं, आत कोणी माणूस बसलाय का म्हणून.

मग मैदानात गेलो, ४५ मीटरचं वेटोळं उलगडलं, आणि अंधार. मध्येच एखादा क्षण चित्र यायचं, त्यावर पांढरे ठिपके, तांदूळ उधळल्यासारखे, की पुन्हा अंधार. भाचा तिकडून धावत आला. "मामा, काईच नाई दिसून राह्यला जी."

इथून खरी गंमत सुरू होते. आधी वायर. मी दाढीचं ब्लेड घेऊन तांब्याची एक तार खरवडली, तर वरचं तांबं निघून खाली पांढरं. ॲल्युमिनियम! तांब्याचा नुसता मुलामा! दुकानदाराने कॉपर म्हणून दिली होती, आणि मी दहा वर्षं तीच वायर लोकांच्या घरी कॅमेऱ्यांना लावत होतो, तिथे चालूनही जायची. पण चित्राला ती पुरेना. का पुरेना, याचा हिशेब मी वहीत केला आणि मला घेरीच आली. तुम्हीही करून पाहा. आडवे १,९२० ठिपके, उभे १,०८०, गुणाकार २०,७३,६००. एका चित्रात एवढे ठिपके. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा मिळून २४ बिट. सेकंदाला जवळजवळ ३०० कोटी बिट, आणि हे सगळं सावकाराचा वाडा स्थिर उभा असताना! आपली घरची चांगल्यातली लॅन सेकंदाला १०० कोटी बिट नेते. म्हणजे या डब्या लॅनची वायर वापरतात, लॅनची भाषा नाही. (म्हणूनच यांची वायर वायफायच्या राउटरमध्ये खुपसू नये. मी खुपसली होती.) इंटरनेटसारखी पाकिटं करून चित्र पाठवणाऱ्या डब्याही मिळतात, पण त्यांना चित्र दाबून बारीक करावं लागतं, त्यात वेळ जातो, आणि माउसचा बाण हाताच्या मागून येतो. पुढच्या पायरीच्या, १०० मीटर नेणाऱ्या डब्या एचडीबेसटी नावाच्या पद्धतीवर चालतात. ती २०१० साली एलजी, सॅमसंग, सोनी आणि वॅलेन्स या कंपन्यांनी मिळून आणली. माझी डबी त्यातली नाही. माझी गरीब आहे.

अस्सल तांब्याची वायर आणली. टोक कापताना पहिल्यांदाच नीट बघितलं. आत आठ तारा, चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. हे ठाऊक होतं. पण पीळ सारखा नाही, हे ठाऊक नव्हतं! हिरव्या जोडीचा गच्च, तपकिरीचा सैल, बाकी दोन मधल्या. मी काडीपेटीतली काडी ठेवून वेढे मोजले. माझा आजा अंबाडीचा दोर वळायचा, सगळ्या पदरांना सारखा पीळ नसेल तर दोर फेकून द्यायचा. इथे मुद्दाम वेगवेगळा, कारण सारखा पीळ असला तर एका जोडीतली बडबड शेजारच्या जोडीला नेमकी ऐकू जाते. पीळ घालून बडबड मारायची ही युक्ती ग्रॅहम बेलची, टेलिफोनवाल्याची, १८८१ची! आणि तिचा वांधा कुठे येतो माहीत आहे? जास्त पीळ म्हणजे तार जास्त लांब. वायर बाहेरून ४५ मीटर, पण आतली हिरवी तपकिरीपेक्षा लांब. जुन्या व्हीजीए पद्धतीच्या एक्स्टेंडरमध्ये लाल रंग एका जोडीवर, हिरवा दुसऱ्या, निळा तिसऱ्या. एक रंग जरासा आधी पोचतो, एक जरासा उशिरा, आणि पडद्यावर काळ्या अक्षराच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळी किनार दिसते. अशी किनार मी एका शाळेत पाहिली होती आणि हेडमास्तरांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "मॉनिटर गेला सर, नवीन घ्या." सर, माफ करा जी. मॉनिटर ठणठणीत होता, पिळांचा फरक होता.

तर, तांब्याच्या वायरीवर चित्र आलं! आणि चुकीचं आलं. मॉनिटरवर सगळं जाडं, पसरट, धूसर. वाड्याचे खांब पोट सुटल्यासारखे. कॉम्प्युटर म्हणे १,०२४ बाय ७६८. मी हाताने आकडा बदलायला गेलो तर माझ्या मॉनिटरचा आकडा यादीतच नाही. प्रोजेक्टर थेट जोडला की १,२८० बाय ८००, छान. मॉनिटर थेट जोडला की १,३६६ बाय ७६८, छान. डब्या मध्ये आल्या की दोघंही बिघडले.

दोस्ताला फोन केला. तो म्हणाला, "ईडीआयडी वाच," आणि ड्यूटीवर निघून गेला.

वाचला! एक छोटंसं फुकटचं सॉफ्टवेअर मिळतं, ते वायरीपलीकडच्या पडद्याला विचारून त्याचं उत्तर दाखवतं. उत्तर म्हणजे १२८ आकडे. एवढंच. पण प्रत्येक पडदा, टीव्ही, मॉनिटर, प्रोजेक्टर, हे १२८ आकडे पोटात घेऊन जन्माला येतो, आणि कॉम्प्युटरने विचारलं की सांगतो, मी कोण, केवढा, काय झेपतं. व्हेसा नावाच्या संस्थेने १९९४ साली ही पद्धत बांधून दिली. चित्राच्या एचडीएमआय वायरीला १९ पिना असतात. चित्र धावतं ते वेगळ्या पिनांवरून, आणि ही कुजबुज दोन बारीक तारांवरून उलट्या दिशेने, पडद्याकडून कॉम्प्युटरकडे येते. वायर दुतर्फा आहे! बारा वर्षं मी तिला पाटाचं पाणी समजत होतो, वरून सोडलं की खाली जाणार.

आमच्या धंद्यात हे असंच चालतं की! मंडळाचा माणूस वडशाला नाटक ठरवायला गेला की आधी विचारतात, स्टेज किती बाय किती? तो सांगतो, आणि मग पडद्यांचा बोजा बांधला जातो. सांगणारा आलाच नाही तर कंपनी लहानात लहान सामान घेऊन निघेल, कुठेही मावेल असं. कॉम्प्युटर तेच करत होता. डबीच्या पलीकडून मॉनिटरचा निरोप पोचला नाही, म्हणून त्याने बिचाऱ्याने १,०२४ बाय ७६८ काढलं, कुठेही मावेल असं.

मॉनिटर थेट जोडून मी त्याचे १२८ आकडे वहीत उतरवले. सुरुवात अशी: ०० एफएफ एफएफ एफएफ एफएफ एफएफ एफएफ ००. ही नांदी, सगळ्यांची सारखी. पुढे मापाच्या जागी २९ आणि १७. सेंटिमीटरमध्ये असतं म्हणे. मी टेप आणली, मोजलं, ४१ आणि २३. चुकलं! खोटं बोलतोय हा! आणि मग डोक्यात टाळीच वाजली. हे आकडे सोळाच्या हिशेबातले आहेत. सोळाचा हिशेब म्हणजे आणे! आजा १९५७ नंतरही मरेपर्यंत आण्यांतच बोलायचा. २९ म्हणजे २ रुपये ९ आणे, म्हणजे ४१ आणे. १७ म्हणजे १ रुपया ७ आणे, २३ आणे. ४१ आणि २३! तिथेच मी ओरडलो, आणि बायको उठून आली, तिच्या टेपसाठी.

तिला काय सांगू नि काय नको असं झालं. बनवल्याचा आठवडा, १३, म्हणजे १ रुपया ३ आणे, एकोणिसावा आठवडा. वर्ष १६, म्हणजे २२ आणे, ते १९९०मध्ये मिळवायचे, २०१२. याचा जन्म २०१२च्या मे महिन्यातला! ए म्हणजे १० आणे, एफ म्हणजे १५, आणि एफएफ म्हणजे १५ रुपये १५ आणे. शेवटचा आकडा तर नुसता हिशेबाचा: १२८ आकड्यांची बेरीज पूर्ण १६ रुपयांच्या पटीत यायलाच हवी, वर एक आणाही उरता कामा नये, उरला तर वाटेत कुठेतरी निरोप बिघडला. मी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. बरोबर! "झोपा आता," ती म्हणाली. मी टीव्हीचे आकडे काढायला घेतले.

टीव्हीच्या आकड्यांत एक ओळ अशी आहे, की ती मला आता तोंडपाठ आहे: ०२ ३ए ८० १८ ७१ ३८ २डी ४०. पहिले दोन उलटे वाचायचे, आधी ३ए मग ०२, हिशेब येतो १४,८५०, आणि त्याला दहा हजाराने गुणलं की सेकंदाला १४ कोटी ८५ लाख ठोके. पुढे १,९२० आणि त्याच्याशेजारी २८०. मग १,०८० आणि शेजारी ४५. हे २८० आणि ४५ काय आहे? हा पडद्याचा विसावा आहे हो! जुन्या काचेच्या टीव्हीत किरण एक ओळ काढून उजवीकडे पोचला की डावीकडे परत यायला त्याला वेळ लागायचा, आणि खाली पोचला की वर जायला. त्या परतीच्या वाटेसाठी ही जागा सोडलेली. किरण गेला, काचेचा टीव्ही गेला, आजच्या सपाट पडद्यात परत यायला कोणी नाही, तरी ती जागा अजून सोडतात! रिकामी म्हणायचं, पण एचडीएमआयमध्ये आवाजाची पाकिटं त्याच जागेतून जातात. २,२०० गुणिले १,१२५ गुणिले ६०, करा गुणाकार, १४ कोटी ८५ लाखच येतात. मी तीनदा केला.

आणि माझा मॉनिटर? १,३६६ या आकड्याला आठने पूर्ण भाग जात नाही, सहा उरतात, आणि ईडीआयडीच्या आखूड यादीत रुंदी आठच्या पटीतच लिहिता येते. म्हणून काही ठिकाणी तो १,३६० म्हणून दिसतो आणि अक्षरं कडेला पुसट होतात. त्याचा खरा आकडा वेगळ्या, लांब रकान्यात लिहिलेला असतो. तो रकाना वाचला तर ठीक, नाहीतर पुसट. निम्म्या सायबर कॅफेंतले पडदे मी याच पुसटपणापायी बदलून दिलेत. त्याबद्दल आत्ता नको बोलायला.

सगळ्यात आवडला मला प्रोजेक्टर. त्याच्या मापाच्या जागी काय होतं सांगा? शून्य आणि शून्य! बिघाड नाही, नियमच तसा आहे. प्रोजेक्टरला स्वतःचं माप नसतं, कापड जिथे बांधाल तेवढा तो. नटासारखंच की. असो.

मग डब्यांचं कोडं सुटलं. सेंडरला दोन तोंडं असतात: एक प्रोजेक्टरकडे जवळच, एक वायरीने मॉनिटरकडे लांब. एकच चित्र दोघांना. कॉम्प्युटरने विचारलं की सेंडरने कुणाचं उत्तर द्यायचं? १,२८० बाय ८०० वाल्याचं, की १,३६६ बाय ७६८ वाल्याचं? डबीच्या पोटाशी तीन इवल्या खिट्या आहेत, ज्यांना मी धूळ काढायच्या खाचा समजत होतो. एकीने जवळच्याचं उत्तर, दुसरीने लांबच्याचं, आणि तिसरीने डबी एकदा ऐकलेलं उत्तर पाठ करून ठेवते आणि पडदा असो नसो, तेच सांगत राहते. लोकांना दिसतो तो प्रोजेक्टर, माझ्या मॉनिटरची अक्षरं गेली खड्ड्यात. प्रोजेक्टरचं उत्तर पाठ करवलं, खिटी सरकवली. कापडावरचे खांब एकदम सडपातळ!

पहिला प्रयोग सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात. वायर जमिनीवरून नेली नाही, दिवसा त्याच मैदानात पटाचे बैल धावले होते आणि रात्री म्हशी सुटतात. बांबू रोवून वरून नेली. प्रोजेक्टरवर मच्छरदाणी आणि तिच्यावर प्लास्टिक, दव इतकं पडतं. मी पुढे काकांच्या टेबलावर, भाचा मागे नुसता राखणीला, ब्लँकेट घेऊन. घंटा झाली. वाडा. बटण. ठाणं. बटण. वाडा. माझ्या बोटाबरोबर चाळीस मीटर पलीकडे गावच्या गाव बदलत होतं! फक्त एकदा माउसला कोपर लागलं आणि बाण सावकाराच्या कपाळाशी जाऊन उभा राहिला, कापडावर कुऱ्हाडीएवढा. मागे काय आहे ते सावकाराला दिसत नव्हतं, तो तावातावाने बोलत होता, आणि लोक हसत होते. तेव्हापासून प्रयोग सुरू झाला की मी माउस पिशवीत घालतो.

सव्वादोनला जनरेटर बसला. ही माझी जुनी भीती. आधी काय व्हायचं, तर वीज परत आली की कॉम्प्युटर बॅटरीवर जागाच असायचा, प्रोजेक्टर मात्र तापायला अर्धं मिनिट घ्यायचा. कॉम्प्युटर विचारायचा, कोण आहे? कुणीच नाही. मग लहान आकडा धरून बसायचा, आणि अंधारातून जे चित्र यायचं ते पसरट. मी कारण शोधायचो प्रोजेक्टरच्या दिव्यात. आता मी टेबलावर हात बांधून बसलो. अंधारात मैदानभर मोबाइलचे दिवे, कुणीतरी मागे शिट्टी मारली, ऑर्गनवाले बुवा बिनविजेच्या पेटीवर धून धरून बसले. जनरेटर दोनदा खोकला आणि लागला. डबीचा हिरवा दिवा. प्रोजेक्टर अजून झोपेतच, पण मला माहीत होतं, आत्ता या घडीला डबी त्याच्या वतीने कॉम्प्युटरला १२८ आकडे म्हणून दाखवतेय, नांदीपासून शेवटच्या आण्यापर्यंत. कापड राखाडी झालं, मग हिरवट, आणि जंगल उभं राहिलं. सडपातळ, जसंच्या तसं, सागाचं पान न् पान. पोर रानात होती. या खेपेला खरंच रानात होती.

"कसं का केलं जी?" बुवांनी विचारलं. मी सांगायला लागलो. तिसऱ्या अंकापर्यंत सांगत होतो, आणि मग ते म्हणाले, मला वाजवू द्या.

तेव्हापासून मी दिसेल त्या पडद्याला वायर लावतो. एका ग्रामपंचायतीचा टीव्ही स्वतःला १,९२० बाय १,०८० म्हणवतो. जवळ जाऊन भिंगाने ठिपके मोजायला बसलो तर काच १,३६६ बाय ७६८ची. चित्र मोठं मागून घेतो आणि आतल्या आत चेपतो. सरपंचांना सांगितलं तर म्हणाले, असू द्या, बाहेर बोलू नका. सोनाराने वापरून विकलेल्या मॉनिटरचा जन्म २००९चा निघाला, बिलावर होतं २०१४. भाचा आता स्वतः आणे मोजतो. परवा त्याने शाळेतल्या सगळ्या मॉनिटरांच्या वाढदिवसांची यादी करून बाईंना दिली.

काल आरमोरीकडच्या एका मंडळाच्या सचिवांचा फोन आला. नाटक ठरलंय, प्रोजेक्टर त्यांच्याकडे शाळेचा आहे, माझा आणायची गरज नाही, मी नुसता कॉम्प्युटर घेऊन यावं. मला आता राहवत नाही. मी म्हटलं, "सचिवसाहेब, येण्याआधी त्याला कुणाच्या तरी लॅपटॉपला लावून त्याचे १२८ आकडे मला पाठवता का जी?"

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं रेंज गेली.

"स्टेज तीस बाय चोवीस हाये जी," सचिव म्हणाले.